मेजुमाची एकवीस घरं

किडोंगोनी गावात बायकांची मालमत्ता जमिनीवर नसते. जमीन, नारळ, होड्या सगळं पुरुषांच्या नावावर. बायकांचं जे काही आहे ते समुद्रात, प्रवाळाच्या खडकात, आणि तेही मोठ्या ओहोटीला दोन-तीन तास उघडं पडतं तेवढंच. खडकातल्या ज्या बिळांत ऑक्टोपस राहायला येतो, त्या बिळांना इथं घरं म्हणतात. एक भाडेकरू काढला की काही दिवसांनी दुसरा येतो, फक्त घर फोडलेलं नसावं. ही घरं आईकडून मुलीकडे जातात. प्रत्येक घराला नाव असतं आणि ते जमिनीवर उच्चारायचं नसतं. आई थकली की मुलीला खडकावर नेते, तिच्या हातात सळई देते आणि एकेका घरापाशी वाकून तिच्या कानात नाव सांगते. झालं बक्षीसपत्र. दुसरीच्या घरात सळई घालणारी बाई इथं नवरा टाकून पळालेल्या बाईपेक्षा हलकी समजली जाते. नवरा टाकला तर लोक निदान कारण तरी विचारतात.

मेजुमाची अशी एकवीस घरं होती. वयाच्या नवव्या वर्षापासून ती आईमागून खडकावर जात होती. आता एकसष्टी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, पण जीभ आणि सळई दोन्ही धारेला लावलेल्या. नवरा गेल्यावर तिने याच घरांवर मुलगी वाढवली, तिचं लग्न लावलं आणि डोक्यावर पत्रा घातला. तीच मुलगी सौमू, तेहेतीस वर्षांची, दोन पोरांची आई. सळई कधी हातात येते याची ती दहा वर्षं वाट बघत होती. मेजुमा म्हणायची, देईन, घाई काय आहे. द्यायला जीव होत नव्हता, हे खरं कारण.

त्यात घरं मरायला लागली. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा उंबरठा नावाच्या घरात सळई घातली तेव्हा ती तांबड्या चिखलाने भरून बाहेर आली. आसपासच्या प्रवाळावर शेवाळाची बुळबुळीत गोधडी पसरलेली. पुढच्या वर्षी शेजारची दोन गेली, मग तीन वर्षं एकेक. गेल्या पावसाळ्यानंतर एकदम पाच गेली. एकवीसपैकी अकरा घरं बुजली, दहा उरली. हा चिखल कुठून येतो हे मेजुमाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो येतो त्या वाटेवर तिने स्वतः मातीच्या टोपल्या वाहिल्या होत्या.

सत्तावीस वर्षांपूर्वी, एल निनोचा पाऊस झाला त्या साली, गावामागची पाणथळ महिनोन् महिने तुंबून राहिली. डासांनी गाव खाल्लं. त्यांच्या हिवतापात गावातली सात पोरं गेली, त्यात मेजुमाची धाकटी, चार वर्षांची म्वानातुमु. तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर मेजुमा कुदळ घेऊन पाणथळीत उतरली. तिच्यामागे तिचा भाऊ हमाडी उतरला, मग सगळं गाव. जुन्या खाडीच्या तोंडावर त्यांनी मातीचा बांध घातला आणि नदीला सरळ समुद्रात नेणारा नाला खणला. पाणथळ सुकली, तिवरं वाळली, डास कमी झाले. सुकलेल्या जमिनीवर हमाडीने नारळ लावले. पुढं वरच्या अंगाला उसाचे मळे झाले आणि दर पावसात मळ्यांची तांबडी माती आणि खत त्या नाल्याने तडक खडकावर जाऊ लागलं. पूर्वी हेच पाणी पाणथळीत पसरायचं, लव्हाळ्यात आणि तिवरांच्या मुळांत गाळ टाकायचं आणि निवळून खाली यायचं. पोरांच्या दुःखात गावाने समुद्राची गाळणी फाडून टाकली होती.

मुटुआ नावाचा एक साहेब तिवरं लावायच्या कामावर तीन वर्षांपासून गावात येत होता. तो वरच्या कोरड्या मुलखातला, पोहता न येणारा, पण माणूस सरळ. त्याने तीन वर्षं नाल्याच्या तोंडाशी तिवरांची रोपं लावून घेतली आणि तिवरांनी तीन वर्षं मरून दाखवलं. शेवटी मेजुमानेच त्याला बांधावर नेऊन उभं केलं. रोपं चुकलेली नाहीत, नदी चुकीच्या जागी आहे, असं तिने सांगितलं. नाला बुजवा, बांध फोडा, भरतीचं पाणी आत येऊ द्या, तिवरं आपल्या पायांनी येतील. मुटुआने कागद केले, वरून परवानगी आणली. पण गावच्या किनारा समितीची सही हवी होती, आणि तीही मोठा पाऊस लागायच्या आत. मार्च निम्मा सरला होता. सही झाली नाही तर काम दुसऱ्या गावाला जाणार होतं. आणि आणखी एक पावसाळा तो चिखल आला तर उरलेली दहा घरंही जाणार, याबद्दल मेजुमाला शंका नव्हती.

समितीचा प्रमुख होता हमाडी. बांध फुटला की खारं पाणी त्याच्या साठ नारळांच्या मुळांशी येणार होतं.

शुक्रवारच्या नमाजानंतर आंब्याखाली बैठक बसली. मुटुआने आकडे वाचले. हमाडीने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला की समुद्र तापला, प्रवाळ पांढरा पडला, हे रेडिओवर सगळ्या जगाने ऐकलंय. खडक त्याने मरतोय. आमच्या नाल्याला कशाला फाशी देता? लोकांनी माना डोलावल्या. मग मेजुमा उठली.

"पाणी तापून मेला असता तर सगळा खडक सारखा मेला असता," ती म्हणाली. "माझी अकरा घरं मेली ती सगळी नाल्याच्या तोंडापासून उत्तरेला, जिकडे प्रवाह जातो तिकडे, एका ओळीत. दक्षिणेची आणि बाहेरच्या कडेची दहा जिवंत आहेत."

"घरं तुझी, मोजणार तू, सांगणारही तूच," हमाडी म्हणाला. "आम्ही नुसतं आमीन म्हणायचं?"

"मग चल. दाखवते."

घरं दाखवायची म्हणजे काय, हे तिथल्या बायकांना कळलं, आणि पुरुषांनाही. मग हमाडीने अट घातली. सोमवारी सगळ्यात मोठी ओहोटी. सळई त्याच्या हातात राहील. मेलेल्या घरात चिखल आणि जिवंत घरात ऑक्टोपस लागला पाहिजे. एकवीसपैकी एक जरी चुकलं तर बांधाचं नाव काढायचं नाही. मेजुमाने गेली दोन उधाणं, म्हणजे महिनाभर, गुडघ्यांमुळे खडकावर काही धरलं नव्हतं, घरं भरलेली असणार. ती हो म्हणाली.

बैठक उठता उठता हमाडी तिच्याजवळ आला आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "तो नाला मी तुझ्या पोरीसाठी खणला होता, अक्का. हाताची सालटी निघाली होती माझी."

त्या पोरीचं नाव मेजुमाने सत्तावीस वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं. सहा वर्षांच्या सौमूने एकदा जेवताना ते घेतलं, तेव्हा मेजुमा ताटावरून उठून गेली होती. त्यानंतर त्या घरात ते नाव निघालं नाही.

सौमू संध्याकाळीच आली. कसावाचे कंद सोलत बसलेल्या आईसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अंगाला गुंडाळलेल्या लेसोची गाठ सुटली होती, तीही तिने बांधली नाही.

"माझ्या वाटणीचं तू गावजेवण घालणार आहेस," ती म्हणाली. "दहा वर्षं तोंडाला कुलूप, आणि आता सगळ्या गावाला वरात काढून दाखवणार."

"खडकच राहिला नाही तर तुला काय देऊ? चिखल?"

"दिली असतीस वेळेवर तर दोघींनी मिळून राखली असती. तुला द्यायचीच नव्हती. तुझ्या मुठीतून काही सुटत नाही, आई. माणूस मेलं तरी त्याचं नाव सुटत नाही."

मेजुमाच्या हातातली सुरी थांबली. सौमूलाही कळलं की आपण फार बोललो, पण बोललेलं परत गिळता येत नाही. ती तशीच निघून गेली. मेजुमाने शनिवार आणि रविवार गुडघ्यांना खोबरेल लावत काढला. सोमवारी पाय दगा देता कामा नयेत, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सोमवारी सकाळी नऊला माणसं खडकावर निघाली. पुढे मेजुमा, तिच्यामागे सळई घेतलेला हमाडी, मग पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेला मुटुआ आणि समितीतला सगळ्यात वयस्क किझुगा. मागून पंचवीस-तीस बायका. कोणी बोलावलं नव्हतं, पण कोणी घरी थांबली नव्हती. सौमू सगळ्यांच्या शेवटी होती, आईपासून जितकं लांब राहता येईल तितकं.

पहिलं घर उंबरठा. मेजुमा थांबली. पन्नास वर्षं तिने या जागेकडे कोणी बघताना साधं वळूनही पाहिलं नव्हतं. आज तिने बोट दाखवलं आणि नावही मोठ्याने सांगितलं. हमाडीने सळई घातली, ती तांबडी होऊन बाहेर आली. एक. दुसरं घर, तिसरं, सहावं. प्रत्येक वेळी चिखल. प्रत्येक वेळी मागच्या बायका थोड्या पुढे सरकत आणि जागा डोळ्यांत साठवून घेत. मेजुमाला ते पाठीवर कळत होतं. तिला वाटलं, भर गावात आपलं एकेक वस्त्र उतरवलं जातंय, आणि उतरवणारीही आपणच. अकराव्या घरापर्यंत हमाडीचा हात कोपरापर्यंत तांबडा झाला होता. त्याच्या तोंडावरचा टवाळपणा तोवर कमी झाला होता.

मग ती दक्षिणेला वळली. बाराव्या घराच्या दारात भाडेकरूने खाऊन टाकलेल्या ताज्या शिंपल्यांचा ढीग होता. हमाडीने सळई आत घातली आणि दचकला. आतून कुणीतरी ती धरली होती. पुरुष गळ टाकतात, जाळी टाकतात, पण त्यांना हा हात कधी लागत नाही. त्याने सळई हळूच सोडवून घेतली. तेरावं, चौदावं, सतरावं, सगळी भरलेली. मुटुआ प्रत्येक घरापाशी वहीत रेघ ओढत होता. साडेदहा वाजून गेले, पाणी फिरलं. आधी घोट्याला गार लागलं, मग पोटऱ्यांना. एकोणिसाव्या घरापाशी बायका मागे थांबल्या. विसावं घर भरलेलं निघालं, तेव्हा लाटा मांड्यांना लागत होत्या.

एकविसावं घर खडकाच्या अगदी बाहेरच्या कडेला होतं. त्याचं नाव नवरी. सगळ्यात खोल, सगळ्यात जुनं. मेजुमाच्या आजीच्याही आजीपासून चालत आलेलं. मुटुआला पोहता येत नव्हतं, त्याने किझुगाचा खांदा धरला. लाट आली की हमाडी थांबे, मग पुढे सरके. मेजुमाने पायानेच घराचं तोंड शोधलं आणि त्याला खूण केली.

हमाडीने वाकून सळई घातली. थांबला. पुन्हा घातली, आणखी खोल.

"रिकामं आहे," तो म्हणाला.

मेजुमाने सळई त्याच्या हातातून ओढून घेतली आणि स्वतः घातली. डावीकडे, उजवीकडे, वरच्या कपारीत, जिथे नवरीचा भाडेकरू हमखास चिकटून बसतो तिथे. काही नाही. तिने तीनदा पाहिलं. पाणी कमरेला आलं. दोन उधाणं कोणी हात न लावलेलं घर रिकामं कसं असेल, हे तिच्या डोक्यात शिरेना. मुटुआने वही बंद केली. हमाडी जिंकल्यासारखा दिसत नव्हता, पण तो म्हणाला, "एकवीसपैकी एक, अक्का. अट तुलाही मान्य होती."

तेवढ्यात मागून पाणी कापत कोणीतरी येत होतं. सौमू. छातीपर्यंत भिजलेली, लेसो सुटून गळ्यात आलेला. ती आईकडे न बघता किझुगासमोर उभी राहिली.

"रिकामं आहे कारण काल मी काढला," ती म्हणाली. "लहानपणी आईमागून येताना हे एकच घर पाहून ठेवलं होतं. आज सगळ्यांना दिसणारच होतं, तर म्हटलं आधी मीच घेते. घराच्या मागे दोरीवर वाळत घातलाय. जाऊन बघा."

वीस हातांवर बायका उभ्या होत्या. त्यांच्यातल्या निम्म्यांना ऐकू गेलं होतं आणि उरलेल्यांना ऐकवलं जात होतं. आईच्या घरात चोरी. या गावात यापेक्षा खाली जायला जागा नाही. मेजुमाने लेकीकडे पाहिलं. तिला राग आला, लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, की हमाडी म्हणेल, मायलेकींनी जमवून आणलंय.

हमाडी तेच म्हणाला.

"जमवायचंच असतं तर भरलेलं घर जमवलं असतं," म्हातारा किझुगा दातांवर दात आपटत म्हणाला. त्याला थंडी वाजत होती. "आपल्या तोंडाला काळं फासून कोणी खोटं बोलत नाही. पण अट अट आहे, हमाडी. तूच बघ. सळईने नाही, हाताने."

हमाडीने श्वास घेतला आणि खाली गेला. एक लाट त्याच्यावरून गेली, मग दुसरी. मेजुमा पाण्याकडे बघत होती. आत चिखल निघाला तर संपलंच. पण या कडेला चिखल अजून पोचला नसावा. नसावा म्हणजे काय? तिने स्वतः दोन उधाणांत पाहिलं नव्हतं. हमाडी वर आला, खोकला, आणि मूठ पुढे करून उघडली. मुठीत पांढरी वाळू होती, आणि खेकड्याच्या कवचाचा एक ताजा तुकडा, नुकताच खाल्लेला.

त्याने वाळू पुन्हा मुठीत घेतली. ती पाण्याबरोबर निसटून जाईपर्यंत तो उभा होता. त्याचा उजवा हात धुऊनही नखांत तांबडा होता.

"नारळ मी स्वतः तोडीन," तो शेवटी म्हणाला. "मजुराला हात लावू देणार नाही. आणि बांधाची पहिली कुदळ तुझी, अक्का. घालतानाही तुझीच होती."

सही झाली, नाला बुजवला, बांध फुटला. पुढच्या उधाणाला भरतीचं पाणी सत्तावीस वर्षांनी जुन्या खाडीत शिरलं आणि हमाडी तोडलेल्या नारळांवर बसून ते बघत होता. एप्रिलमध्ये पाऊस कोसळला. नदी तांबडी होऊन आली, बुजवलेल्या नाल्याला धडकली आणि पाणथळीत पसरली. डास पुन्हा वाढले. मुटुआने घरोघर मच्छरदाण्या वाटल्या, आणि मेजुमा रोज संध्याकाळी दारोदार फिरून त्या खरंच लावल्यात का ते बघत होती. जिथे लावली नव्हती तिथे तिने शिव्या घातल्या. त्या पावसात गावात एकही पोर गेलं नाही.

पण किंमत मोजावी लागलीच. त्या सोमवारनंतर दोनच ओहोट्यांत दहाही जिवंत घरं गावातल्या बायकांनी रिकामी केली. दोन तर लोभाने पहारीने फोडली. त्यातलं एक नवरी. मेजुमा त्या दिवशी खडकावरच बसून रडली. गावच्या भल्यासाठी दिलं असं म्हणायला सोपं असतं. पाच पिढ्यांचं घर ज्यांनी फोडलं त्यांना तिने आजही माफ केलेलं नाही आणि करावं असं मलाही वाटत नाही. सौमूशी ती पाच महिने बोलली नाही. सौमूकडे विहिरीवरही कोणी बघेना. बायकांच्या रांगेत ती शेवटी उभी राही आणि पाणी भरून निघून जाई. ज्यांनी दहा घरं लुटली त्याच तिला चोर म्हणत होत्या, याची त्यांना लाज नव्हती.

ऑगस्टच्या मोठ्या ओहोटीला मेजुमा एकटीच निघाली. काही मिळेल अशी आशा नव्हती, पायांना सवय होती म्हणून. नाल्याच्या जुन्या तोंडाशी पाणी पाहून ती थांबली. तळ दिसत होता. शेवाळाची गोधडी जागोजागी फाटली होती. ती उंबरठ्यापाशी आली. कोणीही या घराकडे फिरकलं नव्हतं, कारण ते मेलेलं होतं, सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दारात चार शिंपल्या पडल्या होत्या. पांढऱ्या, ताज्या.

तिने सळई आत घातली नाही. ती तशीच परत फिरली, भराभर, गुडघ्यांची पर्वा न करता, आणि थेट सौमूच्या अंगणात गेली. सौमू भांडी घासत होती. मेजुमा म्हणाली, "ऊठ. पाणी फिरायच्या आत."

सौमूने राखेचे हात लेसोला पुसले आणि काही न विचारता मागे चालू लागली. उंबरठ्यापाशी मेजुमाने मागे-पुढे पाहिलं. लांबवर दोघी-तिघी बायका होत्या, पण पाठमोऱ्या. तिने सळई लेकीच्या हातात दिली. सौमूला वाटलं आई चेष्टा करतेय. तरी तिने वाकून सळई आत सरकवली, आणि मग ती एकदम थांबली, कारण आतून सळई कुणीतरी धरली होती.

"आहे," ती कुजबुजली.

"असू दे आज. आत्ताच राहायला आलाय."

सौमूने सळई हळूच सोडवून घेतली. ती आईकडे देऊ लागली, मेजुमाने हात मागे घेतला. मग सौमूला समजलं. तिने डोळे पुसले, पण हात खारे होते, आणखी झोंबले.

"हे उंबरठा ना?" तिने विचारलं.

"ते सगळ्यांना कळलेलं नाव आहे. याला आता दुसरं हवं."

पाणी घोट्यांवर आलं होतं. मेजुमा लेकीच्या खांद्याला धरून वाकली आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. तिच्या ओठांना ते नाव कसं घ्यायचं हे आठवावं लागत होतं.

"म्वानातुमु," ती म्हणाली.